अळीच्या पानाचा इतिहास

बागेत फुलपाखरे यावीत असे कोणाला वाटत नाही? आणि बागेत अळ्या व्हाव्यात असे कोणाला वाटते? पहिल्या प्रश्नाला सगळे मान डोलावतील, दुसऱ्याला नाक मुरडतील. परंतु फुलपाखरू हे अळीचेच पुढचे रूप असल्यामुळे एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार देता येत नाही. तरीही आपल्या बहुतेक बागा अशाच वागतात. फुलझाडे रांगेने लावावयाची, पानाला भोक पडले की औषध मारावयाचे, आणि मग पूर्वीसारखी फुलपाखरे दिसत नाहीत म्हणून हळहळावयाचे, असा आपला क्रम आहे.

आजचा विषय फुलपाखरांची बाग हा आहे. कोणती झाडे लावावीत हे मी शेवटी सांगणार आहेच. पण त्याआधी एक इतिहास सांगावयाचा आहे. कोणती अळी कोणते पान खाते, हे माणसाला कसे कळले, कोणाच्या कष्टाने कळले, आणि त्या कष्ट करणाऱ्यांपैकी कोणाची नावे पुस्तकांत राहिली, कोणाची पुसली गेली, असा तो इतिहास आहे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने फुलपाखरांवर का बोलावे, अशी शंका काही श्रोत्यांना आली असेल. हा इतिहास ऐकल्यावर ती राहणार नाही असे मला वाटते.

प्रथम आपल्या परसातलीच गोष्ट घेऊ. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर एक काळसर फुलपाखरू क्षणभर टेकते, पुढचे पाय पानावर आपटल्यासारखे करते आणि उडून जाते. ते पायांनी चव घेत असते. फुलपाखराच्या मादीला पानाची पारख पायांनी होते. पान आपल्या पोरांच्या पोटाचे आहे अशी खात्री पटली की ती तेथे एक अंडे चिकटवते. पटली नाही तर पुढच्या झाडाकडे जाते. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पुढे ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून ती नारिंगी-तांबडी दोन शिंगे बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते. दोन-तीन आठवडे ती खाते, चार वेळा कात टाकते, मग कोश करते, आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून फुलपाखरू बाहेर पडते.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की फुलपाखरू कोणत्याही फुलावर मध पिते, पण त्याची अळी कोणतेही पान खात नाही. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडे; या अळ्यांचे घर त्या कुळात. त्यांना गुलाबाच्या पानावर नेऊन ठेवा, त्या उपाशी मरतील. म्हणजे फुलांनी भरलेली बाग फुलपाखरांची खाणावळ होऊ शकेल, पण पानाची सोय नसेल तर ती त्यांचे घर होणार नाही.

ही गोष्ट आज शाळेतल्या मुलाला सांगता येते. पण विद्वानांच्या जगाला ती मान्य व्हावयाला फार काळ लागला. ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात अळीपासून फुलपाखरू होते हे लिहून ठेवले होते. मात्र ती अळी हिरव्या पानांवर, विशेषतः कोबीच्या पानांवर, आपोआप उपजते असे त्याचे मत होते. रोमचा प्लिनी तर पानावरच्या दवापासून अळी बनते असे सांगे. चिखलातून बेडूक, कुजक्या मांसातून माशा, तशी पानातून अळी, ही समजूत पुढे शतकानुशतके चालली. इटलीच्या फ्रांचेस्को रेदीने १६६८ साली मांसाची भांडी झाकून ठेवून दाखवून दिले की माशी बसली नाही तर मांसात किडे होत नाहीत. पुढच्याच वर्षी हॉलंडच्या यान स्वामरडामने कीटकांच्या रूपांतरावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. तोवर विद्यापीठांत आपोआप उपजण्याच्या सिद्धान्ताला फारसा धक्का लागला नव्हता.

पण विद्यापीठांच्या बाहेर काय चालले होते? चीनमध्ये हजारो वर्षे बायामाणसे रेशमाचे किडे पाळीत होती. पतंगाची मादी अंडी घालते, अंड्यातून अळी निघते, अळीला तुतीचाच पाला लागतो, पाला ओला किंवा शिळा असला तर अळी मरते, हे सारे त्यांना ठाऊक होते. रात्री-अपरात्री उठून पाला घालणाऱ्या हातांना ही माहिती नसती तर रेशमाचा एक धागा निघाला नसता आणि राजेरजवाड्यांच्या अंगावर रेशमी वस्त्र चढले नसते. ज्यांना हे माहीत होते त्यांना पंडितांनी विचारले नाही, आणि पंडितांनी लिहिले ते पाला घालणाऱ्यांनी वाचले नाही. आमच्या गिरण्यांतही पुष्कळदा असेच होत असे. यंत्र का अडते हे ते चालवणाऱ्याला आधी कळे, पण अहवालात ते शेवटी येई.

या दोन जगांच्या मधली भिंत ज्या व्यक्तीने ओलांडली, ती एक बाई होती. मारिया सिबिला मेरिअन हे तिचे नाव. जन्म जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी, १६४७ साली. बाप तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापणारा, नावाजलेला कारागीर. तो ती तीन वर्षांची असतानाच वारला. सावत्र बाप फुलांची चित्रे काढणारा होता. त्याच्या कारखान्यात ती रंग घोटावयास आणि चित्र काढावयास शिकली. विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंद होते, आणि शास्त्रग्रंथांच्या लॅटिन भाषेत तिचे शिक्षण झालेले नव्हते. १६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने रेशमाचे किडे पाळून पाहण्यास सुरुवात केली. मग रेशमाच्या किड्यावरून तिचे लक्ष इतर सुरवंटांकडे वळले. दिसेल तो सुरवंट घरी आणावयाचा, ज्या झाडावर सापडला त्याचाच पाला रोज घालावयाचा, काय होते ते लिहून ठेवावयाचे आणि चित्र काढावयाचे. हा उद्योग तिने पुढे पन्नासएक वर्षे केला.

लग्नानंतर ती न्यूरेंबर्गला राहावयास गेली. तेथील चित्रकारांच्या संघाने तैलरंगाची चित्रे करून विकण्याचा हक्क पुरुषांपुरता राखला होता. तेव्हा तिने जलरंग धरले, मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवले, रंग विकले, दोन मुली वाढवल्या; आणि किल्ल्याजवळच्या आपल्या बागेत सुरवंट शोधले. १६७९ साली तिचे पुस्तक निघाले. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ सुरवंटांचे अद्भुत रूपांतर आणि त्यांचे विलक्षण पुष्पान्न असा होतो. त्यात ५० चित्रे होती. दुसरा भाग १६८३ साली निघाला, त्यातही ५०.

या चित्रांतले नवेपण समजून घेतले पाहिजे. तिच्या आधी कीटकांची चित्रे म्हणजे पांढऱ्या कागदावर टाचणीने टोचल्यासारखी मांडलेली फुलपाखरे असत. मेरिअनने पानाच्या मध्यभागी झाड ठेवले. त्याच झाडावर अंडी, अळी, कोश आणि पंख पसरलेले पाखरू, आणि पानाला पडलेली भोकेसुद्धा. इतर चित्रकार निर्दोष पान काढीत. हिने खाल्लेले पान काढले. कारण खाल्लेले पान हाच तिच्या दृष्टीने पुरावा होता. एखाद्या अळीला एकच झाड चालते, एखादीला चार चालतात, नेहमीचे झाड मिळाले नाही तर ती मरते, हे तिने नोंदवले. एखाद्या कोशातून फुलपाखराऐवजी लहान माश्याच बाहेर पडतात हेही तिने लपवले नाही. आज आपल्याला माहीत आहे की त्या परोपजीवी माश्या अळीच्या अंगात अंडी घालतात. तिला त्याचा उलगडा झाला नव्हता. परंतु जे दिसले ते तिने काढून ठेवले.

१६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, आपली चित्रे विकून पैसा उभा करून ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सुरीनामला गेली. तेव्हा ती ॲमस्टरडॅममध्ये राहत होती. श्रीमंतांच्या संग्रहांत सुरीनामची मोठमोठी मेलेली पाखरे तिने पाहिली होती, पण ती कोणत्या झाडावर वाढली हे कोणी सांगू शकत नव्हते. ते पाहण्यासाठी ती गेली.

सुरीनाम १६६७ पासून डचांच्या ताब्यात होते. तेथे ऊस होता, साखरेचे कारखाने होते, आणि ते चालवण्यासाठी आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते. मूळच्या रहिवाशांनाही गुलाम केले जाई. साखरेखेरीज या देशात आणखी काही शोधावयाचे असते काय, म्हणून मळेवाल्यांनी आपली थट्टा केली असे मेरिअनने लिहिले आहे. दोन वर्षे पुरी होण्याआधीच तापाने जर्जर होऊन तिला परतावे लागले. पण तेवढ्यात जमवलेल्या चित्रांतून १७०५ साली ६० मोठ्या चित्रांचे सुरीनामच्या कीटकांचे पुस्तक निघाले. त्या पुस्तकाने तिचे नाव युरोपभर झाले. लिनिअसने पुढे जीवांना शास्त्रीय नावे देताना तिच्या चित्रांचा आधार घेतला.

आता हे ६० चित्रांचे काम झाले कसे? जंगलात वाट नव्हती; तिच्या गुलामांनी पुढे होऊन कुऱ्हाडींनी वाट काढली. ते तिने स्वतःच लिहिले आहे. जंगलातली झाडे मुळासकट उपटून आणून पारामारिबो गावातल्या तिच्या घरामागच्या बागेत लावली गेली, म्हणजे त्यांच्यावरच्या अळ्या रोज पाहता याव्यात. फुलपाखराची अळी वाढवण्यासाठी मुद्दाम झाड लावण्याचे हे एक जुने आणि स्पष्ट नोंदलेले उदाहरण आहे, आणि ती रोपटी खणून वाहून आणणारे हात तिचे नव्हते. अळ्या आणून देणारे, झाडांची नावे सांगणारे, कोणते फळ खातात, कोणते मूळ कशाला लागते हे सांगणारे, सगळे गुलाम आणि मूळचे रहिवासी. परतताना एका मूळनिवासी स्त्रीला ती बरोबर ॲमस्टरडॅमला घेऊन आली. पुस्तक तयार करताना त्या स्त्रीची माहिती तिला उपयोगी पडली असेल यात शंका नाही. परंतु पुस्तकात तिचे नाव नाही. कुऱ्हाड चालवणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

मेरिअनचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, पण ते पुरतेपणी समजण्यासाठी हे सांगितले पाहिजे. ती गुलामीच्या व्यवस्थेचा लाभ घेत होती, आणि त्याच वेळी गुलामांचे म्हणणे ऐकून छापणाऱ्या थोड्या लेखकांपैकी ती एक होती. याचा पुरावा तिच्या पुस्तकाच्या ४५ व्या चित्रात आहे. त्या चित्रातले झाड आपण सर्वांनी पाहिले आहे. तांबड्या-पिवळ्या फुलांचे, लांब केसर बाहेर काढणारे ते झाड म्हणजे आपला शंखासुर. उद्यानांत, शाळांच्या आवारांत, स्टेशनांच्या कडेला तो फुललेला असतो, आणि मोठी फुलपाखरे त्याच्या मधाला हमखास येतात.

त्या झाडावरची अळी, तिचा कोश आणि तिचा पतंग मेरिअनने काढला, आणि शेजारच्या मजकुरात एक गोष्ट लिहिली. मालकांच्या छळाला कंटाळलेल्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया घेऊन गर्भ पाडतात, कारण आपली मुले आपल्यासारखीच गुलाम होऊ नयेत असे त्यांना वाटते. आफ्रिकेतून आणलेल्या स्त्रिया तर वागणूक इतकी वाईट होते की जीवही देतात. मेल्यावर आपण आपल्या देशात, आपल्या माणसांत पुन्हा जन्मू अशी त्यांची श्रद्धा असते. हे आपल्याला त्यांनी स्वतः सांगितले, असे ती नमूद करते. ज्या काळी गुलामाची साक्ष न्यायालयातही कोणी सहजासहजी मानीत नसे, त्या काळी किड्यांच्या पुस्तकात ही साक्ष छापली गेली. संप म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या हाती काम बंद ठेवण्याचीही सत्ता नव्हती, त्यांनी मालकाला पुढची पिढी नाकारली. याहून कठोर नकार माझ्या वाचनात आलेला नाही.

पुढे काय झाले ते पाहा. शंखासुराचे रोप युरोपच्या बागांत गेले, तेथून जगभरच्या उष्ण देशांत पसरले, आपल्याकडेही आले. त्याच्या बियांची गोष्ट मात्र मागे राहिली. लोंडा शिबिंगर या इतिहासकार बाईंनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच दाखवले आहे, की अमेरिकेतून युरोपने झाड घेतले, फूल घेतले, आणि त्याविषयीचे स्त्रियांचे ज्ञान घेतले नाही. सुरीनाममधली गुलामी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली, पण आणखी दहा वर्षे सक्तीच्या कराराने काम चालूच होते. ती दहा वर्षे सरत आली आणि जून १८७३ मध्ये हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज तेथे लागले. त्याचे नाव लल्ला रुख. मळ्यावर आता आपली माणसे आली.

मेरिअनच्या पुस्तकावर एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय कीटकशास्त्रज्ञ तुटून पडले. पक्षी खाणारा कोळी तिने काढला होता. असा कोळी असूच शकत नाही, असे म्हणून त्यांनी तिला भोळी ठरवले. हेन्री बेट्स हा निसर्गशास्त्रज्ञ ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षे राहून आला, आणि १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले की अशा कोळ्याने धरलेले लहान पक्षी आपण डोळ्यांनी पाहिले. जंगलात राहणाऱ्यांनी सांगितलेले खरे ठरले. मेरिअन १७१७ साली ॲमस्टरडॅमला गरिबीत वारली होती. १९९० च्या दशकात जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर तिचे चित्र छापले गेले. कुऱ्हाडींनी वाट काढणाऱ्यांचे चित्र कोणत्या नोटेवर छापणार? त्यांचे चेहरेच कोणी काढून ठेवले नाहीत.

आता आपल्या बागेकडे येऊ. परदेशी झाडे सगळी वाईट आणि देशी सगळी चांगली, असे मी म्हणत नाही. घाणेरी, जिला काही ठिकाणी टणटणी म्हणतात, ती मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी हिंदुस्थानात आली आणि पुढे तिने डोंगर व्यापले. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते, पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्या सहसा तिच्या पाल्यावर वाढत नाहीत. आणि ज्या देशी झुडपांवर वाढतात त्यांची जागा ती खाऊन टाकते. उलट हळदकुंकू हे तांबड्या-पिवळ्या फुलांचे झुडूपही अमेरिकेचेच, परंतु ते रुईच्या कुळातले असल्यामुळे रुईवर वाढणारी आपली अळी त्याचाही पाला आवडीने खाते. झाड कोठून आले याबरोबरच त्याचे पान कोणाच्या पोटी लागते, हेही विचारले पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. डाळिंबाच्या बागाईतदाराला विचारा. सुरसा नावाने तो जी अळी ओळखतो, ती एका फुलपाखराचीच अळी आहे, आणि ती फळ आतून पोखरते. लिंबाची कोवळी रोपे अळ्यांनी फस्त केली तर रोपवाटिकेवाल्याचे वर्ष बुडते. ज्याचे पोट पिकावर आहे त्याला फुलपाखरांच्या सौंदर्यावर प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने पिकाचे रक्षण करावे. पण आपले पोट परसातल्या कढीपत्त्यावर नाही, आणि उद्यानातल्या कण्हेरीवर तर मुळीच नाही. तेथे चार पाने खाल्ली गेली तर आपले काय जाते?

म्हणून, कबूल केल्याप्रमाणे, झाडांची नावे सांगतो. कढीपत्ता आणि लिंबू लावा. काळी फुलपाखरे येतील. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला, त्या निळ्या-काळ्या नीलवंताची अळीही लिंबाच्याच कुळातल्या पाल्यावर वाढते. कुंपणाला रुई असेल तर उपटू नका. तिच्या चिकातले विष पोटात साठवून अळी स्वतः कडू होते आणि पक्षी पुढे त्या नारिंगी फुलपाखराच्याही वाटेला जात नाहीत. कण्हेर असली तर तिच्या पानाखाली चांदीसारखा चकाकणारा कोश शोधा. कुंडीत पानफुटी लावा. तिच्या जाड पानाच्या आत एक अळी बोगदा करून राहते. पावसाळ्यात टाकळा आणि दारी बहावा असला की पिवळी, पांढरट पाखरे येतात. एरंडाचे एखादे झाड कोपऱ्यात राहू द्या. मधासाठी शंखासुर आहेच. ऊन येईल अशी जागा ठेवा, आणि थोडी ओली मातीही. नर फुलपाखरे तेथे क्षार चोखावयास बसतात.

आणि औषध फवारू नका. ही एक गोष्ट पाळली नाही तर वरची सगळी झाडे लावूनही काही उपयोग नाही. सार्वजनिक उद्यानात काम करणाऱ्या माळ्यांना आपणच सांगतो की पान स्वच्छ दिसले पाहिजे. खाल्लेले पान दिसले तर तक्रारीचा अर्जही आपणच करतो. तो माळी नोकरी सांभाळण्यासाठी फवारतो, आणि फवाऱ्याचे विष पहिल्यांदा त्याच्याच छातीत जाते. हे आपण थांबवू शकतो. नगरपालिकेला एक अर्ज असाही करता येईल, की उद्यानाचा एक वाफा अळ्यांसाठी न फवारता ठेवावा, त्यावर तशी पाटी लावावी, आणि कोणत्या झाडावर कोणती अळी दिसते हे तेथील माळ्यांनाच विचारून, त्यांच्या नावानिशी, त्या पाटीवर लिहावे. अशा अर्जावर पहिली सही करावयास मी तयार आहे. व्याख्यान संपल्यावर दाराशी कागद ठेवलेला असेल.